विश्लेषण : जुन्या इमारतीत भाड्याने राहता? करार, गळती, ऑडिट आणि पुनर्विकास… भाडेकरूचे हक्क नेमके किती?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये परवडणाऱ्या भाड्याचे घर शोधायला निघालेला माणूस बहुतेकदा ४०-५० वर्षे जुन्या, तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीपाशी येऊन थांबतो. स्टेशन जवळ, खोल्या मोठ्या आणि भाडे शेजारच्या टॉवरपेक्षा कमी. बदल्यात छताला ओल, पाण्याची ठरावीक वेळ आणि ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’ ही कायमची कुजबुज. अशा इमारतीत भाडेकरू रोज राहतो, पण तिच्या कागदोपत्री व्यवहारात त्याला जवळपास स्थान नसते. ऑडिटचा अहवाल मालकाकडे जातो, सभेची नोटीस सभासदाला मिळते, पालिकेचे पत्र सोसायटीच्या नावे येते. मग भाडेकरूच्या हाती काय उरते?

उपनगरांत जुन्या इमारती इतक्या का?

मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिका कायदा (मोफा) आल्यावर उपनगरांत सोसायट्यांच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. अंधेरीत डी. एन. नगर आणि घाटकोपरमध्ये पंतनगर अशा गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीही वाढल्या. त्या काळातील बांधकामे आज ४० ते ६० वर्षांची आहेत.

दक्षिण मुंबई आणि उपनगरे यांत इथे एक महत्त्वाचा फरक आहे. शहर भागातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. उपनगरांत उपकराची ही व्यवस्था नाही. त्यामुळे अंधेरी किंवा मुलुंडमधील खासगी इमारत खराब झाली तर दुरुस्तीची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची असते. नोटीस बजावणे, धोकादायक ठरवणे आणि रिकामी करून घेणे ही कामे महापालिकेची.

‘भाडेकरू’ म्हणजे कायद्याने कोण?

बोलीभाषेत आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा मात्र दोन वेगळे गट करतो. पहिला गट पागडीवाल्यांचा. १९४७ च्या भाडे कायद्यापासून संरक्षण मिळालेले आणि आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली येणारे हे भाडेकरू. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यांना ठरावीक कारणांशिवाय बाहेर काढता येत नाही आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला आहे. कायद्याच्या कलम ५६ मुळे पागडीची रक्कम घेणेही आता बेकायदा राहिलेले नाही.

दुसरा गट ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांचा. आज नोकरी-शिक्षणासाठी घर घेणारे जवळपास सगळे याच गटात मोडतात. हे कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक. करार संपला की घर सोडायचे, हा त्याचा गाभा. कलम २४ नुसार मुदत संपूनही घर न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि तेवढ्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करारात जे लिहिले आहे, ते या कार्यवाहीत निर्णायक पुरावा मानले जाते. म्हणूनच दलालाने पुढे केलेला छापील मसुदा न वाचता अंगठा टेकवणे महागात पडू शकते.

‘११ महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?’ हे खरे आहे का?

नाही. हा मुंबईतील सर्वात चिवट गैरसमज आहे. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यावरून ११ महिन्यांची प्रथा देशभर रुजली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ लागू होते. त्यानुसार करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे, मुदत ११ महिन्यांची असो वा ३६. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

त्याहून महत्त्वाची तरतूद पुढची आहे. लेखी, नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळून धोका पत्करतो तो मालक. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

नोंदणीला खर्च किती येतो?

आकडा ऐकवला जातो तितका मोठा नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतील एकूण भाडे अधिक परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर आकारले जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये.

उदाहरण घेऊ. मासिक भाडे ३५ हजार, अनामत एक लाख, मुदत ११ महिने. एकूण भाडे ३ लाख ८५ हजार. अनामतीवरील व्याज साधारण १० हजार. बेरीज ३ लाख ९५ हजार. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे एक हजाराच्या आतच. नोंदणी फी धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास. एजंट घरी येऊन ठसे घेतो, त्याचे पैसे वेगळे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने ही नोंदणी घरबसल्याही करता येते. हा खर्च मालक आणि भाडेकरू निम्मा-निम्मा वाटून घेतात, पण ती प्रथा आहे, सक्ती नाही.

अनामत रकमेवर महाराष्ट्रात कायदेशीर मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल अनामत सुचवली आहे. पण तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. जुन्या इमारतींत ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकारही चालतो. काही लाख रुपये एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. इथे भाडेकरूची सगळी पुंजी मालकाकडे अडकते. इमारत अचानक रिकामी करावी लागली, तर ती पुंजी कधी परत मिळणार हा प्रश्न जीवघेणा ठरतो. रक्कम बँकेतूनच द्यावी आणि पूर्ण आकडा करारात लिहून घ्यावा.

इमारत धोकादायक आहे का, हे कसे कळणार?

महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. अहवालानंतर इमारतीची वर्गवारी होते.

सी-१ : अतिधोकादायक. तातडीने रिकामी करून पाडायची.
सी-२अ : मोठ्या संरचनात्मक दुरुस्त्या. त्यासाठी इमारत किंवा काही भाग रिकामा करावा लागतो.
सी-२ब : संरचनात्मक दुरुस्त्या, पण रहिवाशांना न हलवता.
सी-३ : किरकोळ दुरुस्त्या.

दर पावसाळ्यापूर्वी महापालिका सी-१ इमारतींची विभागवार यादी जाहीर करते. अंधेरीसाठी के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीसाठी आर मध्य, मुलुंडसाठी टी आणि घाटकोपरसाठी एन विभाग पाहावा. पण यादीत नाव नाही म्हणजे इमारत ठणठणीत, असे नव्हे. कदाचित ऑडिट झालेच नसेल.

ही भीती कागदी नाही. १८ जुलै २००७ रोजी बोरिवली पश्चिमेला लक्ष्मीछाया इमारत कोसळून सुमारे ३० जणांचा जीव गेला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळली, १७ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही दुर्घटनांत तळमजल्यावर केलेल्या फेरबदलांवर बोट ठेवले गेले. २७ जून २०२२ च्या मध्यरात्री कुर्ल्यातील नाईक नगर सोसायटीची इमारत कोसळून १९ जण दगावले. या इमारतीला आधी पालिकेच्या नोटिसा गेल्या होत्या. ती धोकादायक गणली गेली होती, मग नव्या ऑडिटमध्ये दुरुस्तीयोग्य ठरली. आणि तिथे राहणाऱ्यांत भाड्याने खोली घेतलेले मजूर होते. नोटीस कोणाच्या नावे निघते आणि छताखाली कोण झोपते, यातले अंतर कुर्ल्यात दिसले.

हे अंतर साध्या प्रसंगांतही जाणवते. प्रस्तुत वार्ताहर अंधेरी पश्चिमेला अशाच एका चार मजली इमारतीत राहत असताना जिन्यात एक दिवस दोन अनोळखी माणसे खांबांवर हातोडीसारखे उपकरण टेकवून आकडे लिहून घेताना दिसली. ते ऑडिट होते. घरमालकाला त्याची नोटीस महिनाभर आधी मिळाली होती. अहवालात काय आले हे विचारल्यावर सोसायटीच्या कार्यालयातून उत्तर मिळाले, ‘तुमच्या ओनरला विचारा.’ ओनर पुण्यात. चौथ्या फोननंतर व्हॉट्सअॅपवर शेवटच्या पानाचा फोटो आला : सी-२ब. त्या एका ओळीवर पुढचा पावसाळा त्या घरात काढायचा की नाही, हा निर्णय अवलंबून होता.

घर पाहायला गेल्यावर काय तपासावे?

अभियंत्याची नजर नसली तरी काही खुणा कोणालाही वाचता येतात. काँक्रीटमधील सळई हवेतील ओलावा, कार्बन डायऑक्साइड आणि समुद्राजवळच्या खारट हवेमुळे गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. सळई आतून फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते. त्यामुळे प्लॅस्टरवरची बारीक, आडवीतिडवी जाळी बहुधा किरकोळ असते. पण खांबाच्या कोपऱ्याने उभी किंवा तुळईच्या तळाने लांबवर जाणारी सरळ भेग, तिच्यातून आलेले तांबूस डाग, पोपडे सुटून उघडी पडलेली सळई ही लक्षणे गंभीर आहेत. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारा भागही लक्षात ठेवावा.

घराच्या आत सगळे नव्याने रंगवलेले असते. म्हणून घर पाहण्याआधी जिना, तळमजला, पार्किंग, पंपाची खोली आणि गच्ची पाहावी. तिथे रंग मारलेला नसतो. तळमजल्यावर दुकान, दवाखाना किंवा कार्यालय असेल तर भिंत किंवा खांब हलवल्याच्या खुणा दिसतात का ते बघावे. शक्य असेल तर पावसाळ्यात घर पाहावे, दलाल काहीही म्हणो. वरच्या मजल्यावरच्या घरात गच्चीच्या गळतीचा आणि मधल्या मजल्यावर वरच्या बाथरूमच्या गळतीचा प्रश्न वेगळा विचारावा.

वायरिंगही तपासावे. जुन्या घरांचे वायरिंग पंखे-दिवे धरून केलेले असते, त्यावर आज एसी, गिझर आणि इंडक्शन चालते. विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पाहावा. मुख्य बोर्डावर गळती झाल्यास वीज तोडणारे उपकरण (आरसीसीबी) आहे का, हे बघायला अर्धे मिनिट लागते. वीज कंपनीही भागानुसार बदलते. मुलुंडमध्ये महावितरण, तर अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा. मागील तीन बिले मागितली तर थकबाकी आणि खरा मासिक खर्च दोन्ही कळतात. पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावे.

गळती झाली तर दुरुस्ती कोणाची?

आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाह्य भिंती, जिना, सामाईक नळ आणि टाक्या यांची देखभाल सोसायटीची. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाची. वरच्या घरातील बाथरूममधून खाली गळत असेल तर तो त्या दोन सदनिकाधारकांमधला विषय ठरतो. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने सोसायटीला थेट पत्र लिहिले तरी ती ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणून हात वर करू शकते. म्हणून तक्रार मालकाच्या नावाने, पण लेखी करावी. ई-मेल, फोटो आणि तारीख एवढे पुरेसे असते. अनामतीतून ‘भिंत खराब केली’ म्हणून पैसे कापले जातात, तेव्हा घरात शिरताना काढलेला व्हिडिओ आणि हे ई-मेल कामी येतात.

पागडीच्या भाडेकरूची बाजू इथे भक्कम आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. तसेच कलम २९ नुसार पाणी-वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास मालकाला मनाई आहे.

सोसायटी कुठवर अडवू शकते?

घर भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाने आधी कळवणे आणि कराराची प्रत देणे अपेक्षित आहे. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. राज्य सरकारचा हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा असून मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला आहे. हे शुल्क सभासदाने भरायचे असते. करारात ते भाडेकरूच्या गळ्यात मारलेले नाही ना, हे पाहावे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणेही मालकाचे काम आहे. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज आहे.

कागदावर इतके स्पष्ट असले तरी प्रत्यक्षात जात, धर्म, आहार, भाषा, अविवाहित असणे या कारणांवरून घर नाकारल्याचे अनुभव उपनगरांत सर्रास ऐकू येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी महिलेला मराठी असल्याच्या कारणावरून कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ समोर आला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. पण खासगी मालकाने कोणाला घर द्यावे यावर थेट बंधन घालणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे बहुतेक प्रकरणे फोन ठेवताच संपतात.

पुनर्विकास आला तर भाडेकरूचे काय?

पागडीचा भाडेकरू असेल तर त्याचा हक्क इमारतीसोबत पडत नाही. इमारत पाडली गेल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले. उपनगरांतील भाडेकरूव्याप्त मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये ३३(७)(अ) ही स्वतंत्र तरतूद आहे. इमारत रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे चटईक्षेत्र पालिकेने मोजून नोंदवलेले असणे, हा यातला कळीचा कागद. तो हाती नसताना चावी देऊ नये.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला पुनर्विकासात काहीही मिळत नाही. विकासकाकडून मिळणारे पर्यायी घराचे भाडे आणि कॉर्पस सभासदाचा. परवानाधारकाने फक्त निघायचे. त्यातही दुहेरी फटका बसतो. आपली इमारत रिकामी होते तेव्हा तिचे सगळे सभासद त्याच परिसरात भाड्याचे घर शोधू लागतात. मुलांची शाळा, दवाखाना, देऊळ न सोडता दोन-तीन वर्षे काढायची असतात आणि भाडे विकासक देत असतो. त्यांच्याशी स्पर्धा पगारातून भाडे भरणाऱ्याला करावी लागते. आजूबाजूच्या चार सोसायट्या एकाच वेळी पुनर्विकासाला गेल्या की त्या गल्लीतील भाडे का चढते, याचे उत्तर इथे आहे.

करारात काय लिहून घ्यावे?

वाद झालाच तर भाडे नियंत्रण कायद्याखालील दावे लघुवाद न्यायालयात चालतात. उपनगरांसाठी वांद्रे येथे त्याची शाखा आहे. परंतु ११ महिन्यांच्या करारासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात जाणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे खरी वाटाघाट सही करण्याआधीच होते. पुढील पाच गोष्टी कराराच्या मसुद्यात घालायला सांगाव्यात.

१. इमारतीचे शेवटचे ऑडिट कधी झाले आणि वर्गवारी काय आली, याचे मालकाचे लेखी निवेदन.
२. पालिकेची नोटीस, सी-१ किंवा सी-२अ वर्गवारी अथवा पुनर्विकासाचा ठराव झाल्यास मालक सात दिवसांत कळवेल आणि भाडेकरूला लॉक-इनचा दंड न भरता घर सोडता येईल.
३. पुनर्विकासासाठी घर रिकामे करायचे झाल्यास किमान दोन महिन्यांची सूचना.
४. अनामत रक्कम चावी परत देतानाच, त्याच दिवशी परत. कपात केल्यास बिलासह.
५. गळती आणि वायरिंगची दुरुस्ती मालकाची, किती दिवसांत करायची ते आकड्यात.

यातील एकही अट बेकायदा किंवा अवाजवी नाही. मालक प्रामाणिक असेल तर त्याला पहिल्या अटीची माहिती आधीच असते. तो उत्तर द्यायला टाळाटाळ करू लागला, तर इमारतीविषयी विचारायचा तो प्रश्न विचारून झाला आहे, असे समजावे आणि पुढचे घर पाहायला जावे.